पक्षीय वैमनस्य, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील

प्रतिपक्षाला केवळ निवडणुकीतील प्रतिस्पर्धी न मानता राष्ट्राचा शत्रू मानणे आणि कायदा, वृत्तपत्र, दंडेली किंवा शस्त्र यांच्या साहाय्याने त्याला सार्वजनिक जीवनातून हुसकावून लावण्याचा प्रयत्न करणे, या प्रवृत्तीस येथे पक्षीय वैमनस्य म्हटले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही प्रवृत्ती प्रजासत्ताकाइतकीच जुनी असून तिला भरती-ओहोटी आहे. ओहोटीच्या कालखंडांकडे सलोख्याचे युग म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. तथापि अशा बहुतेक कालखंडांत दोन्ही पक्षांनी एखादा मूलभूत प्रश्न—प्रथम गुलामगिरीचा व नंतर कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा—परस्परसंमतीने चर्चेबाहेर ठेवला होता, असे आढळून येते. तो प्रश्न पुन्हा उपस्थित होताच वैमनस्यही पुन्हा उफाळून आले.

१७८७ च्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. घटनाकारांच्या दृष्टीने पक्ष म्हणजे सार्वजनिक हिताचा विसर पडलेली टोळी होती. जेम्स मॅडिसनने फेडरॅलिस्ट लेखमालेतील दहाव्या लेखात गटबाजीची मुळे मानवी स्वभावातच आहेत, स्वातंत्र्य नष्ट केल्याशिवाय ती नष्ट करता येणार नाहीत, म्हणून विस्तीर्ण प्रजासत्ताकातील अनेक गटांनीच परस्परांना आवर घालावा, असे प्रतिपादन केले. याच मॅडिसनने पुढे पाच वर्षांच्या आत टॉमस जेफर्सनच्या (१७४३–१८२६) साहाय्याने एका पक्षाची उभारणी केली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच फूट पडली होती. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने राष्ट्रीय बँक स्थापून व राज्यांची कर्जे मध्यवर्ती शासनाकडे घेऊन प्रबळ केंद्रसत्तेचा पाया घातला. परराष्ट्रमंत्री जेफर्सन याला त्यात राजेशाहीची पूर्वतयारी दिसली. फ्रेंच राज्यक्रांतीने या मतभेदाला परराष्ट्रनिष्ठेचे स्वरूप दिले. हॅमिल्टनचे अनुयायी (फेडरॅलिस्ट) इंग्लंडचे हस्तक व जेफर्सनचे अनुयायी (रिपब्लिकन, १८५४ मध्ये स्थापन झालेल्या व आज त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षाहून हा भिन्न होय) फ्रान्सचे हस्तक ठरविले गेले. वृत्तपत्रे पक्षांच्या पैशांवर चालत. जेफर्सनने तर आपल्या पक्षाचा संपादक फिलिप फ्रेनो याला परराष्ट्र खात्यात दुभाष्याची नोकरी देऊन सरकारी वेतनावर सरकारविरोधी पत्र चालविण्याची सोय करून दिली होती. वॉशिंग्टनने १७९६ च्या आपल्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीविरुद्ध गंभीर इशारा दिला. पण त्या संदेशाचा बराच भाग हॅमिल्टनने लिहिलेला असल्यामुळे तोही पक्षीयच मानला गेला.

फ्रान्सशी अघोषित नाविक युद्ध सुरू झाल्यावर जॉन ॲडम्सच्या कारकीर्दीत (१७९७–१८०१) फेडरॅलिस्टांनी १७९८ च्या जून-जुलैमध्ये चार अधिनियम संमत केले. त्यांपैकी एकाने नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची मुदत पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेली, कारण नवागत आयरिश व फ्रेंच लोक बहुधा रिपब्लिकनांना मते देत. दोन अधिनियम परकीयांच्या हद्दपारीविषयी व अटकेविषयी होते. चौथा राजद्रोह अधिनियम होय. शासन, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिखाण करणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार डॉलरपर्यंत दंड सांगितला होता. संरक्षण दिलेल्या पदांच्या यादीतून उपराष्ट्राध्यक्षाचे पद मात्र वगळले होते. त्या पदावर त्या वेळी जेफर्सन होता. अधिनियमाची मुदतही ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे ॲडम्सच्या कारकीर्दीच्या अखेरच्या दिवशी, संपणारी होती. विरोधक सत्तेवर आल्यास त्याच शस्त्राचा वार आपल्यावर होऊ नये, ही काळजी कायदा करणाऱ्यांनी घेतली होती.

या कायद्याखाली शिक्षा झालेला पहिला मनुष्य काँग्रेसचाच सदस्य होता. व्हरमाँटचा मॅथ्यू लायन हा मूळचा आयरिश व करारपत्रावर वेठबिगार म्हणून अमेरिकेत आलेला. १७९८ च्या आरंभी प्रतिनिधिगृहात कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिझवल्डशी त्याचा वाद होऊन तो त्याच्या तोंडावर थुंकला. त्याला सभागृहातून काढून टाकण्याचा ठराव दोन-तृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला, तेव्हा ग्रिझवल्डने सभागृहातच त्याला काठीने झोडपले व लायनने शेगडीजवळचा चिमटा उचलून प्रतिकार केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ॲडम्सवरील टीकेबद्दल त्याला चार महिन्यांची कैद व एक हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले.

१८०० च्या निवडणुकीत जेफर्सन व त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ निर्वाचक मते पडली. ॲडम्सला ६५ मिळाली. समसमान मतांमुळे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे सोळा राज्यांपैकी नऊ राज्यांचे मत आवश्यक होते आणि पराभूत फेडरॅलिस्टांच्या हाती निर्णय होता. पस्तीस फेऱ्या निष्फळ झाल्या. पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी नागरी सेना सज्ज ठेवण्याची तयारी चालविली. अखेर १७ फेब्रुवारी १८०१ रोजी छत्तिसाव्या फेरीत काही फेडरॅलिस्टांनी मतदान टाळले. व्हरमाँटच्या दुसऱ्या प्रतिनिधीने माघार घेतल्याने त्या राज्याचे मत एकट्या लायनच्या हाती येऊन ते जेफर्सनला मिळाले. ४ मार्चच्या पहाटे ॲडम्स उत्तराधिकाऱ्याची भेट न घेताच राजधानीतून निघून गेला. असे असले, तरी सत्तेचे हस्तांतर रक्तपाताशिवाय झाले. जेफर्सनने आपल्या पहिल्या भाषणात प्रत्येक मतभेद हा तत्त्वभेद नसतो असे सांगितले व राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्यांना क्षमा केली. त्याच्या औदार्यालाही मर्यादा होत्या. १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या राज्यपालाला लिहिलेल्या खासगी पत्रात, राज्यांनी निवडक फेडरॅलिस्ट संपादकांवर खटले भरल्यास वृत्तपत्रे ताळ्यावर येतील, असा सल्ला त्याने दिला होता. राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदान ठरविणारी बारावी घटनादुरुस्ती १८०४ मध्ये झाली. त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदी असलेल्या बरने हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात ठार केले.

विरोधी पक्ष हा शासनव्यवस्थेचा आवश्यक भाग आहे, ही कल्पना अमेरिकेत रुजविण्याचे श्रेय विचारवंतांपेक्षा न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्यूरेन (१७८२–१८६२) यासारख्या धंदेवाईक राजकारण्यांना द्यावे लागते. शिस्तबद्ध पक्ष, नियमित अधिवेशने व विजेत्यांमध्ये नोकऱ्यांची वाटणी ही त्यांची साधने. पराभूत पक्षाला पुढील निवडणुकीची आशा असे, म्हणून तो बंड करीत नसे. उत्तर व दक्षिण या दोन्ही भागांत पाय रोवलेला पक्ष गुलामगिरीचा प्रश्न उपस्थित होऊ देणार नाही, हेही व्हॅन ब्यूरेनला अभिप्रेत होते. १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी सर्व अर्ज चर्चेशिवाय बाजूस ठेवण्याचा नियम केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हा प्रतिनिधिगृहाचा सदस्य या नात्याने आठ वर्षे त्याच्याशी झगडला व १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला. सभागृहात शांतता असताना सभागृहाबाहेर ती नव्हती. इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे १८३७ मध्ये गुलामगिरीविरोधी संपादक इलायजा लव्हजॉय याचा मुद्रणयंत्राचे रक्षण करीत असता जमावाने बळी घेतला.

१८५४ च्या कॅन्झस-नेब्रॅस्का अधिनियमाने नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तेथील वसाहतवाल्यांना दिला आणि मौनाची ही व्यवस्था कोसळली. व्हिग पक्ष नामशेष झाला, रिपब्लिकन पक्ष जन्मास आला आणि कॅन्झसमध्ये उभय बाजूंचे सशस्त्र लोक जमले. १८५६ च्या मे महिन्यातील चार-पाच दिवसांच्या घटना या दृष्टीने लक्षणीय आहेत. १९ व २० मे रोजी मॅसॅचूसेट्सचा सीनेटर चार्ल्स समनर (१८११–७४) याने कॅन्झसवरील अत्याचारांविषयी प्रदीर्घ भाषण केले व त्यात दक्षिण कॅरोलायनाचा वृद्ध सीनेटर अँड्रू बटलर याची बीभत्स शब्दांत टर उडविली. २१ मे रोजी गुलामगिरीच्या समर्थकांनी कॅन्झसमधील लॉरेन्स हे गाव लुटले. २२ मे रोजी बटलरचा नातलग व प्रतिनिधिगृहाचा सदस्य प्रेस्टन ब्रुक्स याने सीनेटच्या दालनात आपल्या मेजाशी लिहीत बसलेल्या समनरला काठी मोडेपर्यंत बडवून रक्तबंबाळ केले. २४ मे च्या रात्री जॉन ब्राउन व त्याच्या साथीदारांनी कॅन्झसमधील पॉटावाटमी खाडीजवळ गुलामगिरीच्या पक्षातील पाच जणांना घरांतून ओढून काढून कापून टाकले.

हल्ल्यापेक्षा हल्ल्याचे झालेले स्वागत अधिक बोलके होते. ब्रुक्सला काढून टाकण्याच्या ठरावाला बहुमत मिळाले, पण दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. न्यायालयाने त्याला तीनशे डॉलर दंड केला. त्याने राजीनामा दिला व मतदारांनी त्याला लगेच परत पाठविले. दक्षिणेतून त्याला नव्या काठ्यांच्या भेटी येऊ लागल्या. समनर पूर्ववत काम करण्यास १८५९ च्या डिसेंबरपर्यंत असमर्थ होता. मॅसॅचूसेट्सने मधल्या काळात त्याची फेरनिवड केली आणि त्याची रिकामी खुर्ची हीच उत्तरेत प्रचाराचे साधन बनली. १८३० ते १८६० या काळात काँग्रेसच्या सदस्यांमध्ये हिंसेचे सत्तरांहून अधिक प्रसंग घडल्याचे जोॲन फ्रीमन या इतिहासकर्तीने दाखवून दिले आहे. त्यांतील अनेक प्रसंग समकालीन वृत्तपत्रांनी सौम्य करून छापले किंवा दडपले होते. पुढे तारायंत्रामुळे वृत्ते लगोलग पसरू लागली आणि मारामारी करणारा सदस्य आपल्या मतदारसंघात शूर ठरू लागला. १८६० मध्ये एब्राहम लिंकन सु. ४० टक्के मतांवर निवडून आला. दक्षिणेतील दहा राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. निवडणुकीचा निकाल अमान्य करून दक्षिण कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून फुटून निघाले. यादवी युद्धातील (१८६१–६५) मृतांची संख्या प्रदीर्घ काळ सु. ६,२०,००० मानली जात असे. अलीकडील संशोधनानुसार ती साडेसात लाखांच्या आसपास असावी.

युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात (१८६५–७७) मुक्त गुलामांना मताधिकार मिळाला. ते रिपब्लिकन पक्षाला मते देत. त्यामुळे दक्षिणेतील डेमॉक्रॅटिक पक्षाचा पक्षद्वेष व वर्णद्वेष यांत भेद करणे अशक्य झाले. कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना व्यवहारात त्या पक्षाचे सशस्त्र अंग म्हणून वावरली. लुइझिॲनाच्या राज्यपालपदाच्या १८७२ मधील वादग्रस्त निवडणुकीनंतर १३ एप्रिल १८७३ रोजी कोलफॅक्स येथील न्यायालयाच्या इमारतीत आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. शरण आलेल्या अनेकांना नंतर गोळ्या घालण्यात आल्या; मृतांचे अंदाज ६० पासून १५० पर्यंत आहेत. दोषी ठरलेल्या तिघांची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाच्या १८७६ मधील निर्णयाने टिकली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो याच १८७३ साली. त्या लोकांचा उत्साह मात्र तोवर ओसरू लागला होता. १८७६ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत वीस निर्वाचक मतांविषयी वाद उत्पन्न झाला. पंधरा सदस्यांच्या आयोगाने ती सर्व पक्षनिष्ठेनुसार ८ विरुद्ध ७ मतांनी रदरफर्ड हेझला दिली आणि तो १८५ विरुद्ध १८४ मतांनी विजयी झाला. डेमॉक्रॅटिक पक्षाने निकाल मान्य केला. नव्या राष्ट्राध्यक्षाने दक्षिणेतील शासनांच्या पाठीशी असलेले सैन्य काढून घेतले. सलोख्याची किंमत तिसऱ्यानेच दिली.

ती किंमत किती होती, हे उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १८९८ मध्ये स्पष्ट झाले. त्या राज्यात रिपब्लिकन व पॉप्युलिस्ट पक्षांच्या युतीने, म्हणजे कृष्णवर्णीय व गरीब गोरे मतदार यांच्या संयुक्त बळावर, डेमॉक्रॅटिक पक्षाला सत्तेवरून दूर केले होते. डेमॉक्रॅटिक पुढाऱ्यांनी १८९८ ची निवडणूक गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या प्रश्नावर लढविली. रॅली येथील एका वृत्तपत्राने व्यंगचित्रांची मालिका चालविली, तर लाल सदरे घातलेले घोडेस्वार गावोगाव दहशत पसरवीत फिरले. ८ नोव्हेंबरची निवडणूक त्यांनी जिंकली. परंतु विल्मिंग्टनच्या नगरपालिकेची मुदत संपली नव्हती. १० नोव्हेंबर रोजी माजी काँग्रेस-सदस्य अल्फ्रेड वॉडेल याच्या नेतृत्वाखाली सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांच्या डेली रेकॉर्ड या वृत्तपत्राचे कार्यालय जाळले, रस्त्यांवर गोळीबार केला आणि महापौर व नगरसेवक यांच्याकडून राजीनामे लिहवून घेतले. त्याच सायंकाळी वॉडेल महापौर झाला. मृतांची निश्चित संख्या कधीच कळली नाही. शेकडो लोक दलदलीत लपले व कायमचे परागंदा झाले. राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्लीने हस्तक्षेप केला नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. अधिकाराऱूढ नगरशासन शस्त्रबळाने उलथून टाकल्याच्या या घटनेला पाठ्यपुस्तकांत अनेक दशके ‘वांशिक दंगल’ म्हटले जात होते. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००६ मध्ये तिचे खरे स्वरूप अधिकृतपणे नोंदविले. १९०० मध्ये तेथे साक्षरतेच्या अटीने मताधिकार संकुचित करण्यात आला. १८९६ मध्ये या राज्यात सव्वा लाखाहून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०२ मध्ये ते सु. सहा हजार उरले. दक्षिणेतील इतर राज्यांतही असेच घडले. उत्तर कॅरोलायनाचा जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर १९२९ पर्यंत तेथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास वैमनस्य सर्वांत कमी होते, असे काँग्रेसमधील मतदानाच्या विश्लेषणावरून दिसते. डेमॉक्रॅटिक पक्षात दक्षिणेतील वर्णवर्चस्ववादी आणि उत्तरेकडील कामगार एकत्र नांदत होते. रिपब्लिकन पक्षातही उदारमतवादी व सनातनी असे दोन्ही गट होते. दोन्ही पक्ष एकमेकांसारखेच असून मतदाराला खरी निवड करता येत नाही, अशी तक्रार अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या समितीने १९५० मध्ये केली होती. ती आज वाचताना विचित्र वाटते. त्याच वर्षी विस्कॉन्सिनचा रिपब्लिकन सीनेटर जोसेफ मॅकार्थी (१९०८–५७) याने परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरले असल्याचा आरोप करून डेमॉक्रॅटिक पक्षाच्या वीस वर्षांच्या कारभाराला देशद्रोह ठरविण्याची मोहीम उघडली. त्याला पहिला जाहीर विरोध मार्गारेट चेस स्मिथ या त्याच्याच पक्षाच्या सीनेट-सदस्येने केला. २ डिसेंबर १९५४ रोजी सीनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला, तेव्हा मतदानात भाग घेतलेल्या रिपब्लिकन सदस्यांपैकी निम्मे निषेधाच्या बाजूचे होते.

वर्णप्रश्न १९६० नंतर पुन्हा चर्चेत आला. १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाला सीनेटमधील ३३ रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी व ६७ डेमॉक्रॅटांपैकी ४६ जणांनी पाठिंबा दिला. म्हणजे मतभेद पक्षांमध्ये नव्हता, प्रदेशांमध्ये होता. विरोधात मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर याला रिपब्लिकन पक्षाने त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, असे त्याने सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अधिवेशनात बजावले. त्याचा दारुण पराभव झाला. त्याने जिंकलेली सहा राज्ये म्हणजे त्याचे स्वतःचे ॲरिझोना व दक्षिणेतील पाच राज्ये होत. पुढील तीस वर्षांत दक्षिणेतील गोरे मतदार बहुसंख्येने रिपब्लिकन व कृष्णवर्णीय जवळजवळ एकमुखाने डेमॉक्रॅटिक झाले. वंश, धर्म व निवासस्थान हे भेद पक्षभेदाशी जुळत गेले. याच काळात हिंसेचे आणखी एक पर्व येऊन गेले : नेत्यांच्या हत्या झाल्या आणि डाव्या ‘वेदर अंडरग्राउंड’ गटाने १९७१ मध्ये काँग्रेसच्या इमारतीत स्फोट घडविला. पण ही हिंसा बव्हंशी पक्षांच्या कडेने वाहत होती. १९८७ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना उभय बाजू मांडण्यास बांधणारा नियम रद्द झाला. १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिचच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह जिंकले, ते तडजोडीलाच दोष मानणाऱ्या प्रचाराच्या बळावर.

या वैमनस्याची खोली विवाहविषयक पाहण्यांवरून मोजण्यात आली आहे. आपल्या अपत्याने प्रतिपक्षीयाशी लग्न केल्यास वाईट वाटेल असे १९६० मध्ये शेकडा पाचांहून अधिक लोक म्हणत नव्हते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी सु. निम्म्यांनी व डेमॉक्रॅटांपैकी सु. एक-तृतीयांशांनी तसे सांगितले. सोयरिकीतून जातीची भिंत ओळखणाऱ्या समाजाला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

यानंतर राजकीय व्यक्तींवरील हल्ले उभय बाजूंनी झाले. २०१७ मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधी स्टीव्ह स्कलीझ मैदानावर सराव करताना गोळीबारात जबर जखमी झाला. २०२० मध्ये मिशिगनच्या डेमॉक्रॅटिक राज्यपालाच्या अपहरणाचा कट उघडकीस आला. १३ जुलै २०२४ रोजी बटलर (पेनसिल्व्हेनिया) येथील सभेत डॉनल्ड ट्रंपवर गोळी झाडण्यात आली. जून २०२५ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळातील डेमॉक्रॅटिक नेत्या मेलिसा हॉर्टमन हिची पतीसह घरात हत्या झाली आणि सप्टेंबरमध्ये यूटा येथील विद्यापीठात रिपब्लिकन प्रचारक चार्ली कर्क याला गोळी घालून ठार मारण्यात आले.

संस्थात्मक दृष्ट्या सर्वांत गंभीर घटना ६ जानेवारी २०२१ ची होय. २०२० च्या निवडणुकीत जोसेफ बायडन ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचक मतांनी विजयी झाला. हा निकाल ट्रंपने अमान्य केला व उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्सने मते नाकारावीत, असा आग्रह धरला. १८७६ च्या पेचप्रसंगानंतर झालेल्या १८८७ च्या संदिग्ध अधिनियमाने या आग्रहास वाव दिला होता. मतमोजणी चालू असता ट्रंपच्या समर्थकांचा जमाव काँग्रेसच्या इमारतीत घुसला, सु. १४० पोलीस जखमी झाले. जमावातील एकाने यादवी युद्धातील दक्षिणेचा ध्वज सभागृहाबाहेरच्या दालनातून मिरविला. मोजणी त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पूर्ण झाली. प्रतिनिधिगृहाने ट्रंपवर महाभियोग दाखल केला. सीनेटमध्ये ५७ सदस्यांनी, त्यांत सात रिपब्लिकनांनी, त्यास दोषी ठरविले, पण दोन-तृतीयांश मते झाली नाहीत. २०२२ मध्ये जुना अधिनियम सुधारून उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट करण्यात आले. ६ जानेवारी २०२५ रोजी त्यानुसार पहिली मोजणी झाली. पराभूत उमेदवार कमला हॅरिस हीच उपराष्ट्राध्यक्ष असल्याने ट्रंपच्या विजयाची घोषणा तिनेच केली व ती कोणत्याही व्यत्ययाविना पार पडली. २० जानेवारी रोजी पुन्हा अधिकारावर येताच ट्रंपने २०२१ च्या हल्ल्यातील सु. १,५०० जणांना क्षमा केली व आणखी चौदा जणांच्या शिक्षा कमी केल्या.